मावशीला टेन्शन नको म्हणे!

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर मावसभावाचा मेसेज. 'मावशीला पैशाबिशाचं काही सांगत बसू नका, उगाच टेन्शन घेते. जेवण-औषधं वेळेवर मिळतायत ना, बास.' खाली सगळ्यांचे अंगठे. डोकंच फिरलं.

अरे, तिला टेन्शन पैशाचं नाहीये. आपल्याच पैशाचं काय चाललंय ते कुणी सांगत नाही, याचं आहे.

मावशी ८१ वर्षांची. वृद्धाश्रमात असते. काका आरएमएसमध्ये, म्हणजे पोस्टाच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, केंद्राच्या नोकरीत होते, त्यांच्यामागे तिला फॅमिली पेन्शन येते. मागच्या वर्षी तिनं हट्टानं पासबुक भरून आणायला लावलं. भिंग घेऊन ओळ न् ओळ वाचली आणि म्हणाली, "अगं, मला ८० पूर्ण झाली ना? मग आकडा तोच कसा?" केंद्राच्या फॅमिली पेन्शनमध्ये ८० झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते. काकांच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी बायकोनं तिला हे पूर्वी कधी सांगितलेलं, तिनं ते बरोबर धरून ठेवलं होतं. पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर, हिची जन्मतारीखच नव्हती. बँकेतला साहेब माझ्याकडे बघून म्हणाला, "आजींना काय कळणार, तुम्हीच सांगा." मी म्हटलं, "चूक आजींनीच पकडलीये, त्यांच्याशीच बोला." अर्ज तिचा, सही तिची. थकबाकीसकट पैसे जमा झाले.

आणि हिला म्हणे सांगायचं नाही!

एटीएम कार्ड भावाकडे, बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबरही त्याचाच. पेन्शन तिची जमा होते आणि मेसेज याच्या खिशात वाजतो. तो पै न् पैचा हिशेब ठेवतो, मान्य. तिला दाखवतो का?

डिमेन्शिया असेल तर गोष्ट वेगळी. फोनवरचे भामटे म्हाताऱ्यांनाच गाठतात, हेही खरं. पण जिला स्वतःचा आकडा माहीत आहे तिला फसवणं जास्त कठीण, की जिला काहीच माहीत नाही तिला?

मी काही मोठं करत नाही. जाड मार्करनं कागदावर लिहिते: येतात किती, आश्रमाला जातात किती, औषधांना किती, उरतात किती. ती तेच तेच पुन्हा विचारते. विचारू दे की! आपले पाढे तिनंच घोटून घेतलेत, तेव्हा ती कधी वैतागली होती का? सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं, पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं, उत्पन्नाची अट नाही. हिचा पहिला प्रश्न, "कुठल्याही हॉस्पिटलात चालतं का गं?" नाही चालत, यादीतल्याच चालतं. बरोबर मुद्द्यावर बोट. तेव्हापासून शेजारच्या कॉटवरच्या आजीही पिशवीतून कागद काढून बसतात. त्यांच्या मुलाला ते आवडत नाही. न आवडू दे.

बाकी, ज्यांच्या घरी केंद्राचे ८० वर्षांवरचे पेन्शनर आहेत त्यांनी ऐका. हयातीचा दाखला त्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरची गर्दी कशाला? बोटांचे ठसे उमटत नसतील तर मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, नाहीतर पोस्टमन घरी येऊन करून देतो, ७० रुपयांत. आश्रमातही येतो. फक्त पोस्टमन आला की खुर्ची त्यांच्यासमोर ठेवा, तुमच्यासमोर नाही.