आवडत्या गाडीला मशीन लावू नका, हे अर्धंच खरं आहे

महिनाभरात एकच मजकूर मला तीन जणांनी पाठवला. पहिला आला इथं इंदुरातच, रामबागेत राहणाऱ्या आत्याकडून. मजकूर असा: 'गाडीवर जीव असेल तर ऑटोमॅटिक वॉशिंगला नेऊ नका. मशीनचे ब्रश रंग खातात. हातानं धुतलं की ओरखडा पडत नाही. रोज सकाळी पुसली की चमक टिकते. भांड्यांचं लिक्विड पुरतं. घरी धुतल्यानं पाणीही वाचतं.' बाबांची १९८६ची फियाट मी सांभाळतो, शिवाय रोजच्या कामाची एक गाडी आहे. दोन्ही मी स्वतः धुतो, म्हणून हे उत्तर.

ब्रशांचं आधी. यात तथ्य आहे. फिरत्या ब्रशांत आधीच्या गाडीची माती अडकून राहते. पावसाळ्यात आपल्या पुढं शेतातून आलेली, काळ्या मातीनं माखलेली जीप असेल, तर तिचे खडे आपल्या बोनेटवर घासले जातात. जुन्या नायलॉनच्या ब्रशांपेक्षा फोमच्या पट्ट्या बऱ्या, पण मातीची अडचण त्यांनाही आहेच. मात्र सगळी मशीन ब्रशांची नसतात. काहींत नुसतं दाबाचं पाणी आणि रसायन असतं, गाडीला काहीच टेकत नाही. त्यात ओरखड्याची भीती जवळपास नसते. उणीव वेगळी आहे: रस्त्याचा चिकट थर पुरता निघत नाही आणि रसायन जरा कडक असल्यानं वॅक्स लवकर उतरतं. 'मशीन' या एका शब्दात दोन्ही कोंबल्यामुळं निम्मा घोळ झालाय.

'हातानं धुतलं की ओरखडा पडत नाही' हे मात्र साफ चुकीचं आहे, आणि नुकसान सर्वांत जास्त यानंच होतं. आजच्या गाड्यांच्या रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाहूनही कमी. इंदुरात सध्या जिकडेतिकडे खोदकाम आहे. खडीची बारीक, टोकदार धूळ रोज गाडीवर बसते. ती फडक्याखाली आली की फडकं काचकागदासारखं चालतं. उन्हात बोनेटकडं तिरकं पाहा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतील. त्या ब्रशानं पडल्या की हातानं, हे रंगाला कळत नाही. धूळ निघण्याआधी कापड टेकलं, एवढंच कारण पुरतं.

म्हणूनच रोज पुसण्याचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. कॉलनीत सकाळी गाड्या पुसणारा मुलगा एक बादली आणि एक फडकं घेऊन आठ-दहा गाड्या उरकतो. तिसऱ्या गाडीपर्यंत पाणी चहाच्या रंगाचं होतं. दोष त्याचा नाही, त्याला तेवढंच सामान आणि तेवढाच वेळ मिळतो. मी आमच्याकडच्या मुलाला काचा आणि दिवे तेवढे पुसायला सांगितलं, पैसे तेच ठेवले. रंगपंचमीला तर हे फार जपा. गेर, म्हणजे आपली रंगांची मिरवणूक, पाहून परतल्यावर गाडीवरचा कोरडा गुलाल झटकू किंवा पुसू नका, आधी भरपूर पाणी ओता.

हातानं धुवायचंच तर नीट धुवा. सावलीत, बोनेट गार झाल्यावर. आधी नुसत्या पाण्यानं माती उतरवायची. मग दोन बादल्या: एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा साध्या पाण्यात पिळून मगच शॅम्पूत बुडवायचा. टपापासून खाली यायचं. चाकांचं कापड वेगळं, ते बॉडीला कधीच लावायचं नाही. जमिनीवर पडलेलं कापड पुन्हा वापरायचं नाही.

भांड्यांच्या लिक्विडनं एका धुण्यात रंग जात नाही. ते तेलकटपणा काढायलाच बनलंय, त्यामुळं वॅक्सही काढतं. कपड्यांची पावडर मात्र नकोच: तिच्यात सोडा असतो आणि न विरघळलेले कणही घासतात.

आता पाणी. पाइप सोडून धुतलं तर मिनिटाला दहा-पंधरा लिटर सहज जातं, पाव तासात दीडशेच्या वर. आपलं नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटरवरून, विंध्य चढवून येतं, ते असं गटारात सोडायला मन धजत नाही. बादलीनं ४० लिटरांत काम होतं. तेव्हा घरचं धुणं पाणी वाचवतं ते बादलीनं केलं तरच. पाणी गाळून पुन्हा वापरणारं सेंटर पाइपापेक्षा चांगलं. नेण्याआधी तेवढं विचारा. बोअरचं जड पाणी उन्हात सुकू दिलं तर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात, म्हणून कोरड्या मऊ कापडानं लगेच टिपून घ्या.

माझा निवाडा गाडीगणिक वेगळा आहे. रोजची गाडी मी ब्रश नसलेल्या मशीनला नेतो आणि टिपायचं कापड घरचं वापरतो. फियाटचं तसं नाही. तिच्या त्या काळच्या साध्या रंगावर क्लिअर कोटच नाही. पॉलिश करताना पांढऱ्या फडक्यावर तिचा रंग उतरतो. दारांची रबरं जुनी आहेत, दाबाचं पाणी आत शिरतं. तिला फक्त माझा हात. एक काम मात्र हातानं होत नाही. पावसाळ्यात काळी माती मडगार्डांच्या आत आणि तळाला चिकटून ओल धरते, आणि पत्रा तिथूनच गंजायला लागतो. त्यासाठी फियाटही वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवतो, फक्त खालून धुऊन घ्यायला, आणि ते होईपर्यंत शेजारी उभा राहतो.