विमानाखालून पृथ्वी सरकून जात नाही

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: विमान कंपन्या मुद्दाम वळसा घालतात, पृथ्वी पूर्वेकडे फिरत असती तर पश्चिमेला जाणारं विमान आधी पोचलं असतं, तसं होत नाही म्हणजे पृथ्वी फिरतच नाही, आणि किलोमीटरमधल्या अंतराला 900 ने (विमानाच्या ताशी वेगाने) भागलं की खरा वेळ निघतो, तिकिटावरचा वेळ फुगवलेला असतो. शाळकरी मुलंही तो खरा मानून पुढे पाठवतायत, म्हणून राहवलं नाही.

आधी वळशाचं. न्यूयॉर्क आणि बीजिंग दोन्ही 40 अक्षांशाच्या आसपास आहेत. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली की रेघ आडवी येते. आता पृथ्वीगोल घ्या. न्यूयॉर्कवर दोऱ्याचं टोक अंगठ्याने दाबून धरा आणि दोरा बीजिंगपर्यंत ताणा. तो आडवा राहतच नाही, सरकत सरकत उत्तर ध्रुवाजवळ जाऊन बसतो. त्या वाटेने अंतर भरतं सुमारे 11,000 किलोमीटर. अक्षांश धरून गेलात तर 14,000 च्या वर. मेसेज ज्याला वळसा म्हणतो तीच जवळची वाट आहे.

खरा वळसाही पडतो, पण त्याची कारणं उघड असतात. 2022 मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि हेलसिंकी ते टोक्यो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. ते जास्तीचं इंधन कंपनीलाच भरावं लागतं.

आता पृथ्वी फिरण्याचं. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे 1,670 किलोमीटर वेगाने फिरते, पण तिच्यासोबत हवाही फिरते आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही. चाकं उचलली म्हणून तो वेग गळून पडत नाही. हेलिकॉप्टर तासभर एका जागी तरंगत राहिलं तरी खाली तेच मैदान असतं.

फरक पाडतो तो वारा. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोत वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात फुगे सोडून ते मोजले होते. फेब्रुवारी 2020 मध्ये असाच जोरदार वारा पाठीशी घेऊन एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी 1,300 किलोमीटरच्या वर गेला होता. भोवतीच्या हवेच्या तुलनेत मात्र तो नेहमीचाच होता. आणि हे झोत पूर्वेकडे वळतात तेच मुळी पृथ्वी फिरते म्हणून! मेसेजने जो पुरावा म्हणून पुढे केला, तो त्याच्याच विरुद्ध जातो.

राहिला 900 चा भागाकार. लंडन ते न्यूयॉर्क अंतर सुमारे 5,540 किलोमीटर, म्हणजे भागाकाराने सव्वासहा तासांच्याही आत. प्रत्यक्षात वेळापत्रकात आठ तासांच्या आसपास दिसतात, कारण तोच वारा आता समोरून येतो. शिवाय गेट सोडल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो: धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं.

आणि तिकिटावरच्या वेळा थेट वजा करू नका, त्या दोन्हीकडच्या स्थानिक घड्याळांच्या असतात. टोक्योहून संध्याकाळी निघालेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी उतरतं. दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाण वेळेत आणा, मग वजाबाकी करा.