बाटलीबंद पाणी, वेफर्सचे पाकीट आणि मागच्या दारची पोती: दोन ताऱ्यांच्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

दाजीपूरचे अभयारण्य पाहण्यासाठी आपण सहकुटुंब दोन रात्री आमच्या निवासात राहिलात आणि नंतर पाचपैकी दोन तारे देऊन तीन तक्रारी नोंदवल्यात. खोलीत बाटलीबंद पाणी नव्हते, टाकलेल्या वेफर्सच्या पाकिटावरून आमच्या सफारीच्या माणसाने आपल्याला मुलांदेखत सुनावले, आणि असे उपदेश करणाऱ्यांच्याच स्वयंपाकघरामागे प्लॅस्टिकची पोती रचलेली होती. पांढऱ्या रश्श्याचे कौतुक केल्याबद्दल आभार मानून शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण ती सर्वांत खरी आहे.

ती पोती आमचीच होती. वस्तीवर कचऱ्याची गाडी येत नसल्याने आम्ही प्लॅस्टिक साठवून बाजाराच्या खेपेला कोल्हापुरात भंगारवाल्याकडे देतो. त्या आठवड्यात खेप चुकली. पाहुण्याला हे कारण दिसत नाही, त्याला पोती दिसतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्दिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, आधीच कचरा पडलेल्या ठिकाणी लोक हातातला कागद अधिक प्रमाणात खाली टाकतात, असे दिसून आले होते. त्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची तशी गरज नाही. मी स्वतः रंकाळ्यावर भेळ खाऊन तिचा कागद भरून वाहणाऱ्या कुंडीशेजारी ठेवून आलो आहे, आणि घरच्या अंगणात मात्र काडेपेटीची काडीसुद्धा पडू देत नाही. माणूस तोच, जागा वेगळी. आता पोती झाकलेल्या खोलीत ठेवतो आणि खेप ठरल्या वारी होते.

पाकिटाबाबत आमच्या माणसाचा मुद्दा योग्य होता. खारट-मसालेदार वास राहिलेले पाकीट जनावर अन्न समजून गिळते, आणि गव्यांच्या जंगलात ते पडून राहू देणे आम्हाला परवडणारे नाही. पण मुलांसमोर आपला अपमान झाला, याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. चारचौघांत सुनावलेला माणूस पाकीट उचलण्याऐवजी स्वतःची बाजू मांडू लागतो, हे आम्ही पूर्वीही पाहिले आहे. याउलट पुढच्या जीपमधल्या कुणी रिकामे पाकीट कापडी पिशवीत टाकले, की मागचे बहुतेक जण न सांगता तसेच करतात. म्हणून आता निघताना प्रत्येक गाडीत एक पिशवी देतो आणि आमचा माणूस सर्वांआधी आपला कचरा तीत टाकतो.

फाटकावरच्या ज्या फलकाची आपण थट्टा केलीत, तोही काढला आहे. ‘येथे रोज पोतेभर कचरा पडतो, कृपया आपण टाकू नका’ हे वाक्य मीच लिहिले होते. अ‍ॅरिझोनातील एका राष्ट्रीय उद्यानात ‘अनेक जण येथील अश्मीभूत लाकूड उचलून नेतात’ असे सांगणाऱ्या फलकाजवळ चोरी उलट वाढल्याचे संशोधकांना आढळले होते. सगळेच करतात, हे आम्हीही नकळत प्रत्येक पाहुण्याला सांगत होतो.

बाटलीबंद पाण्याविषयी मात्र आमचा निर्णय कायम आहे. जंगलात बाटली टाकावी म्हणून कुणी घरून निघत नाही. ती खोलीत मिळते, सोबत जाते, रिकामी झाली की नकोशी वाटते आणि एखाद्या वळणावर राहते. खोलीत तांब्याभर उकळून गाळलेले पाणी आणि जेवणघरात बाटली भरून घेण्याची सोय आहे. ही माहिती आरक्षणाच्या वेळी द्यायला हवी होती, ती आम्ही दिली नाही. आता फोनवरच देतो, त्यामुळे पाहुणे आपली बाटली बरोबर आणू शकतात.

पुन्हा आलात, तर पहिल्या सफारीचे भाडे आम्ही घेणार नाही. पाकीट परत आणण्याची विनंती मात्र तेव्हाही करू, फक्त आपल्याला बाजूला घेऊन.

आपला,
निवासाचा मालक