वरूनच प्रॉब्लेम आहे

घरचं नेट बंद पडलं की दोन कामं एकदमच सुरू होतात. एक जण आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडतो, "तुमचं चालू आहे का रे?" आणि उत्तर यायच्या आत दुसरा जाऊन नेटच्या डब्याचं, म्हणजे राउटरचं, बटण बंद करतो. यातलं पहिलं काम अगदी शास्त्रशुद्ध. बिघाड एका मोबाइलचा आहे की सगळ्या घराचा, ते त्यातून कळतं. दुसरं काम म्हणजे पुरावा नष्ट करणं. डब्यावरचे दिवे त्या घडीला काय सांगत होते, ते आता ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की बटणाकडे जाणारा हात खिशाकडे न्यावा, मोबाइल काढावा आणि दिव्यांचा फोटो घ्यावा. फायबरच्या डब्यावर बाकी कितीही लुकलुकाट असला तरी कामाचे दिवे तीनच. एलओएस लाल झाला, म्हणजे तारेतून उजेडच येत नाही. तार तुटली, दबली किंवा कोणाच्या तरी खुर्चीखाली गेली. पॉन नुसताच लुकलुकतोय, थांबायचं नाव घेत नाही, म्हणजे उजेड येतोय, पण केबलवाल्याचं यंत्र आपल्या डब्याला ओळख द्यायला तयार नाही. पॉन स्थिर, एलओएस बंद आणि फक्त इंटरनेटचा दिवा लाल किंवा विझलेला, म्हणजे तार ठणठणीत आहे आणि लॉगिन अडलंय. हा तिसरा प्रकार दिसला तर तक्रार करण्याआधी घरातल्या कर्त्या माणसाला हळूच विचारून घ्यावं, या महिन्याचं बिल भरलंय ना? तक्रार नोंदवल्यावर हा प्रश्न पलीकडून आला की फार लागतो.

फोटो झाला की खुशाल रिस्टार्ट करा. मी त्याच्या विरुद्ध नाही. राउटरची स्मरणशक्ती बेताचीच असते. घरातला प्रत्येक मोबाइल, टीव्ही आणि कॅमेरा बाहेर कोणाकोणाशी बोलतोय, याची नोंदवही तो ठेवतो. ती गच्च भरली की नवी नोंद होत नाही आणि सगळं अडून बसतं. बंद करून चालू केलं की वही कोरी होते, लॉगिनही नव्याने होतं. मात्र बटण बंद केल्याच्या दुसऱ्याच क्षणी चालू केलं, तर आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या विजेवर डबा तसाच अर्धवट जागा राहतो. अर्धा मिनिट थांबा. मोडेम (तारेतला उजेड घेणारा) आणि राउटर (वायफाय पसरवणारा) वेगळे असतील तर आधी मोडेम सुरू करा, पॉन स्थिर होऊ द्या, मगच राउटर. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर असतात आणि बोर्डाचं एकच बटण दाबून आपण मोकळे होतो. मग राउटर आधी उठतो, पलीकडे कोणी नाही बघून रुसतो, आणि घरचे म्हणतात, "रिस्टार्ट करूनही काही झालं नाही."

रिस्टार्ट आणि रिसेट यांत मात्र घोटाळा करू नका. डब्याच्या मागे एक बारीक भोक असतं. घरात कोणीतरी एक हुशार भाचा असतोच. तो टाचणी आणतो, भोकात दहा-पंधरा सेकंद दाबून धरतो, आणि डब्यात भरून ठेवलेलं युजरनेम, पासवर्ड, केबलवाल्याने केलेली सगळी सेटिंग पुसून टाकतो. आता मूळ बिघाड आपोआप दुरुस्त झाला तरी नेट येणार नाही. लाइनमन येईल तेव्हाच येईल, आणि येऊन पहिला प्रश्न विचारेल, "रिसेट कोणी मारला?" तोवर भाचा आपल्या घरी गेलेला असतो.

रोज ठरावीक वेळी रिस्टार्ट करावा लागत असेल तर संशय ॲडॉप्टरवर घ्या. या काळ्या चौकोनी प्राण्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात, काही जुने राउटर ९ व्होल्टवर. उष्णतेने ॲडॉप्टरच्या आतला कपॅसिटर वाळत जातो आणि तो हळूहळू दमाला येतो. दिवे लागतात, नेट येतं, आणि संध्याकाळी सगळं घर एकदम वायफायवर बसलं की ओढ वाढते, व्होल्टेज खाली येतं आणि डबा स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू होतो. मल्टिमीटर लावून "बारा बरोबर दाखवतोय की" म्हणणारे हमखास फसतात, कारण ओझं नसताना बारा दाखवायला त्याला काहीच लागत नाही. खरी परीक्षा दुसरा ॲडॉप्टर लावून. सेट-टॉप बॉक्सचा लावायचा असेल तर आधी दोन्हींवरची बारीक अक्षरं वाचा. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, पिनची धन-ऋण बाजू तीच हवी. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नाही. पिन बसली म्हणजे पत्रिका जुळली असं समजून लोक ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा ॲडॉप्टर लावतात.

आता मुख्य प्रश्न: बिघाड बाहेर की घरात? याची चाचणी इतकी सोपी आहे की तिच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. लॅपटॉपला लॅन केबल लावा आणि वायफाय बंद करा. केबलवर नेट झकास आणि वायफायवर रडतंय, तर केबलवाल्याला फोन करायचं नैतिक बळ आपण गमावलं. केबलवरही रडतंय, तर पुढे व्हा. लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) पिंग १९२.१६८.१.१ द्या, म्हणजे डब्याला हाक मारून ओ येते का ते बघा (काही घरांत १९२.१६८.०.१, डब्याच्या पोटाखालच्या स्टिकरवर असतं). हे उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत यायला हवं. इथेच अडखळलं तर बिघाड केबलमध्ये किंवा डब्यात. मग पिंग ८.८.८.८, हा बाहेरचा गूगलचा पत्ता. डब्याकडून उत्तर येतंय आणि इथून नाही, तर लाइन गेलेली. दोन्हीकडून येतंय, पण कुठलीही वेबसाइट नावाने उघडत नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारा, झोपलाय. राउटरच्या सेटिंगमध्ये ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाकून बघा. यासाठी लाइनमनची दोन दिवस वाट बघत बसायची गरज नाही.

लॅन केबलवर स्पीड टेस्ट करताना एक आकडा ध्यानात ठेवा. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि टेस्ट कितीही वेळा केली तरी ९३ ते ९५, ना खाली ना वर, असा अडला असेल तर केबलवाला निर्दोष आहे. केबलमध्ये आठ तारा असतात. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात, १०० एमबीपीएसला चारच पुरतात. एखादी तार क्लिपमध्ये नीट बसली नाही की दोन्ही यंत्रं गुपचूप १०० वर समझोता करतात आणि आपल्याला कळवत नाहीत. काही डब्यांना चारांपैकी एकच पोर्ट गिगाबिट असतं आणि नेमकं त्याच्यात टीव्ही खुपसलेला असतो. शिवाय १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी नव्हे, साडेबारा. एका बाइटमध्ये आठ बिट असतात, हे जाहिरातवाल्यांना ठाऊक आहे आणि आपल्याला ठाऊक नसावं अशी त्यांची इच्छा आहे.

वायफायचं दुखणं बहुतेक वेळा वास्तुशास्त्राचं असतं, म्हणजे आपल्या बायकोच्या वास्तुशास्त्राचं. तार हॉलभर दिसायला नको म्हणून राउटर टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात जातो. त्यावर धूळ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल. मागे लोखंडी कपाट, शेजारी फिश टँक. लोखंड, पाणी, आरसा आणि सळयांची भिंत, लहरी अडवायला यापेक्षा चांगला बंदोबस्त कोणाला जमणार नाही. राउटर घराच्या मध्याजवळ, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. गरम हवा बाहेर जाऊ द्या. आणि रुमाल सासूबाईंनी विणलेला असेल तर तो कुठे ठेवायचा, हे तुमचं तुम्ही बघा.

सोसायटीत २.४ गिगाहर्ट्झवर आपल्यासारखे वीस राउटर एकाच वेळी बोलत असतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. मोबाइलच्या ॲपमध्ये तिघांवरही गर्दी दिसते म्हणून शहाणा माणूस मोकळा दिसणारा ३ किंवा ४ निवडतो. मग त्याला १ वाल्यांचाही त्रास आणि ६ वाल्यांचाही. गर्दी असली तरी तिघांतलाच जरा सुसह्य घ्या आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० नको. मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. पोहे गरम होताना मीटिंग अडकते ती त्यामुळे. मोबाइल आणि टीव्हीला ५ गिगाहर्ट्झ द्या. तो वेगवान आहे पण नाजूक. एक भिंत ओलांडतो, दुसरीशी दमतो. स्वस्तातले स्मार्ट बल्ब आणि कॅमेरे मात्र फक्त २.४ वरच येतात, त्यांच्यासाठी २.४ चं वायफाय चालू राहू द्या.

हे सगळं झालं, तरी एलओएस लालच आहे. आता आली लाइनमनची पाळी.

त्याच्याकडे एक छोटं पॉवर मीटर असतं आणि त्याच्यावर उणे आकडे येतात. हे उणे आकडे बघून घाबरू नका, पण वाचा मात्र नक्की. -१५ ते -२५ डीबीएम (उजेडाची ताकद मोजायचं माप) म्हणजे प्रकृती उत्तम. -२७ च्या पलीकडे डबा आंधळा होऊ लागतो: कधी दिसतं, कधी नाही, रात्री चालतं, पावसात जातं. दर ३ ने आकडा घसरला की उजेड निम्मा होतो. -२२ चा -२८ झाला, म्हणजे फक्त सहाचा फरक नाही, उजेड चौथाई उरला. बऱ्याच डब्यांच्या स्टेटस पानावरही हा आकडा असतो. नेट सुरळीत चालू असताना तो एकदा लिहून ठेवा. "काका, लाइट बरोबर येतोय" असं लाइनमनने म्हटल्यावर "किती?" एवढंच विचारायचं. तो तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो.

हा उजेड गळतो कुठे? पहिलं, घरातच. भिंतीपासून डब्यापर्यंतची पिवळी किंवा पांढरी पॅच कॉर्ड सोफा सरकवताना दबते, किंवा नीटनेटकं दिसावं म्हणून कोणीतरी तिची घट्ट गुंडाळी करून रबर लावतं. आत काच आहे. बांगडीपेक्षा लहान वळण तिला देऊ नये. दुसरं, टोकं. हिरवं टोक तिरकं घासलेलं असतं, निळं सपाट. हिरवं निळ्यात बसतं, पण आत दोघांची तोंडं जुळत नाहीत आणि बराच उजेड तिथेच वाया जातो. तिसरं, घाण. लाइनमन टोक काढतो, त्यावर फुंकर मारतो आणि शर्टाला पुसून परत लावतो. फुंकरीत ओलावा असतो आणि शर्टात दिवसभराची मेहनत. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा कागद, याने पुसायला हवं. आणि चालू फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका. त्यातला उजेड १४९० नॅनोमीटरचा, म्हणजे आपल्या डोळ्यांना दिसत नाही. काही दिसत नाही म्हणून आपण आणखी जवळ जातो.

घराबाहेर तर काय, तार गच्चीवरून गच्चीवर, तिथून गुलमोहरावर, तिथून दिव्याच्या खांबावर. मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची छाटणी होते, फांदीबरोबर तीही जाते. मग रस्ता खोदाई. मग उंदीर. भाद्रपदात मंडळाची उंच मूर्ती गल्लीत शिरते, पुढे दोन कार्यकर्ते बांबूने तारा वर उचलत चाललेले असतात, एक तार बांबूवरून निसटते, मुकुटाला अडकते, "थांबव, थांबव!" असा गलका होतो, आणि मागच्या तीन इमारतींत एलओएस लाल. त्या दिवशी तक्रार करायला कोणी धजत नाही.

एरवी मात्र तक्रार केल्यावर ठरलेलं वाक्य येतं.

"काका, वरूनच प्रॉब्लेम आहे."

"वरून म्हणजे कुठून?"

"वरूनच."

यावर निराश न होता शेजारच्या काकूंचं दार ठोठवा. त्यांच्याकडे त्याच केबलवाल्याचं नेट चालू असेल तर प्रॉब्लेम वरून नाही. तो जिन्यातल्या पेटीतल्या स्प्लिटरपासून (एका तारेतला उजेड अनेक घरांत वाटणारा) तुमच्या डब्यापर्यंत कुठेतरी आहे, आणि तेवढं अंतर लाइनमन चालू शकतो. काकूंचंही बंद असेल तर वरूनच आहे, चहा घेऊन घरी या. फोनवर सांगायचं ते असं: खाते क्रमांक, एलओएस किती वाजल्यापासून लाल, लॅन केबल लावून बघितलं, शेजारी चालू आहे. "नेट स्लो आहे" असं कधीच म्हणू नये; भारतात २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायची किमान अटच २ एमबीपीएसची आहे, तेव्हा तुमचं स्लो त्यांच्या लेखी फास्ट असू शकतं. तक्रार क्रमांक लिहून घ्या. कोणी न येताच "आपली तक्रार सोडवली आहे" असा मेसेज आला तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ही दुसरी पायरी ट्रायच्या (सरकारी दूरसंचार नियामकाच्या) नियमांतच आहे, पण कॉल सेंटरवाले ती स्वतःहून सांगत नाहीत.

राहता राहिली वीज. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, दिवे गेल्यावर दोन-चार तास डबा चालवतो, जरूर घ्या. पण घेण्याआधी केबलवाल्याला विचारा, आमच्या इमारतीत नुसता स्प्लिटर आहे की स्विच? स्प्लिटर काचेचा, त्याला वीज लागत नाही. स्विच म्हणजे विजेवर चालणारं वाटप-यंत्र; तो असेल तर जिन्यातल्या सामाईक प्लगवर असतो, आणि वीज गेली की तोही झोपतो. तुमचा यूपीएस आत दिमाखात चालू, वायफायचे सगळे दांडे भरलेले, आणि बाहेर नेट बंद. शिवाय त्या प्लगचं बटण कोणाच्या ताब्यात आहे तेही बघून ठेवा. सामाईक बिल वाचवायचं म्हणून आमचे सेक्रेटरी रात्री अकराला सगळी बटणं बंद करतात आणि सकाळी ग्रुपवर टाकतात, "रात्री कोणाचं नेट गेलं होतं का? आमचंही गेलं होतं. वरूनच प्रॉब्लेम होता म्हणे."