स्थळ चांगलं आहे, पण…

रात्री पावणेदोनला फोन वाजला तर समजा, प्रत्यारोपणाचा कोऑर्डिनेटर आहे. तुमच्या पेशंटसाठी ब्रेनडेड डोनरच्या किडनीची ऑफर आली आहे. सकाळी तुमची ओपीडी आहे, चांदणी चौकापलीकडून यायचं आहे. परवा पुण्यात अशीच एक किडनी ‘बघतो, बघतो’ करता करता नाकारली गेली, ते सगळ्यांना ठाऊकच आहे. तेव्हा सभ्यपणे नकार कसा द्यावा, हे शिकून घेतलेलं बरं.

आधी डोनरचं वय विचारा. ६२ म्हणाले की ‘बापरे!’ म्हणा. आपला पेशंट ६४ वर्षांचा आहे हे तेवढ्यापुरतं विसरा.

किडनीला धमन्या दोन आहेत? लगेच नको म्हणा. ब्रेनडेड डोनरच्या किडनीसोबत महाधमनीचा तुकडा येतो आणि बऱ्याचदा एकाच जोडात काम भागतं, हे सर्जनला कळू देऊ नका.

आता हुकमी एक्का, क्रिएटिनिन. स्नायूंतून रक्तात येणारा हा कचरा किडनी बाहेर टाकते; ती थकली की आकडा चढतो. फक्त शेवटचा आकडा विचारा. २.८? संपलं. दाखल झाला तेव्हा तो ०.९ होता, हे विचारायचंच नाही. समजा, हा डोनर म्हणजे डोक्याला मार लागलेला तरुण पोरगा. मध्ये बीपी पडलं, ते चढवायला नॉरअॅड्रेनलिन दिलं, मेंदूच्या मारामुळे होणाऱ्या डायबेटिस इन्सिपिडसमध्ये (हा साखरेचा मधुमेह नव्हे) लिटरनं लघवी गेली आणि कुणी पाणी भरून काढलं नाही, वर सीटीसाठी कॉन्ट्रास्ट, म्हणजे किडनीला जड जाणारं औषध. किडनीतल्या नलिकांना मार बसला, क्रिएटिनिन चढलं. असा मार बहुतेकदा भरून येतो. बसवल्यावर काही दिवस डायलिसिस लागेल, मग लघवी सुरू होईल. पण तुम्ही याला नाही म्हणणार, आणि वीस वर्षांचा मधुमेह, बीपी, लघवीतून प्रोटीन जाणाऱ्या म्हाताऱ्याचं १.२ बघून खूश होणार! अहो, १.२ पैलवानाचं वेगळं आणि सुकलेल्या आजीबाईंचं वेगळं. स्नायूच नाहीत तर क्रिएटिनिन चढणार कुठून? आकड्यांचा चढउतार, लघवीचा रिपोर्ट, सोनोग्राफीतला किडनीचा आकार, तासाला किती एमएल लघवी, हे चार प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात. दोन!

तरीही कुणी ऐकत नसेल तर बायोप्सी मागा. पहाटे तीनला, फ्रोझन सेक्शनवर (तुकडा गोठवून घाईत केलेली तपासणी), रोज किडनी न बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून. तुकडा वरवरचा, म्हणजे जिथे व्रण जास्त तिथलाच. ग्लोमेरुलाय, म्हणजे किडनीतल्या गाळण्या, दिसल्या नऊ, त्यातल्या बंद दोन. २२ टक्के. नकाराला लागणाऱ्या वीसच्या वर गेलं, देवाची कृपा.

सगळ्यात सोपं म्हणजे ‘तासाभरात कळवतो.’ डोनरच्या किडनीचा रक्तपुरवठा क्लॅम्प लावून थांबवल्यापासून घड्याळ चालू आहे, बर्फात ठेवली तरी २४ तासांच्या आत बसवलेली बरी, आणि डोनर-पेशंटचं रक्त जुळतं का बघणाऱ्या क्रॉसमॅचलाच चारपाच तास जातात. तुमचा तास, पुढच्या हॉस्पिटलचा तास. मग तिसरा विचारतो, ‘आधीच्यांनी का नाकारली?’ स्थळाचं होतं तेच. नकारच नकाराचं कारण होतो. आणि शेवटच्याला खरोखरच म्हणता येतं, ‘वेळ फार झाला हो.’

नकाराच्या कारणाच्या रकान्यात ‘पेशंट तयार नाही’ लिहा. पेशंटला फोनच केला नाही यासाठी रकाना नाही.

पुरे झालं. नाही म्हणायला खरी कारणं आहेत. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह, पसरलेला कॅन्सर, आटोक्यात न आलेला सेप्सिस, कॉर्टेक्सच, म्हणजे किडनीचा बाहेरचा थरच, मेलेला. त्यासाठी नाही म्हणा, पाच मिनिटांत म्हणा. बाकी वेळी ही किडनी कुठल्या आदर्श किडनीपेक्षा वाईट आहे ते बघू नका, डायलिसिसच्या खुर्चीशी ताडून बघा. आठवड्यातून तीनदा, चारचार तास, पाणी मापून पिणारा माणूस आहे तिथे. साठीच्या डोनरची चालेल का, हे त्याला दिवसाउजेडी, नाव नोंदवतानाच विचारून लिहून ठेवा. क्रॉसमॅचसाठी त्याच्या रक्ताचा सीरम लॅबमध्ये ताजा ठेवा. दोन फोन नंबर घ्या.

आणि परवा सव्वा तास ‘बघतो, बघतो’ करणाऱ्यांनी निदान रकान्यात खरं लिहावं. ‘झोप आली होती.’