३२४ विरुद्ध १८२, तरीही पराभव

थायलंडच्या २०२३ सालाचा विषय निघाला की दोनच वाक्यं कानावर येतात. तरुणांनी लष्कराच्या माणसांना हरवलं, आणि मग फ्यू थाई पक्षाने दगा दिला. दोन्ही खरी आहेत. पण या दोन वाक्यांच्या मधे राज्यघटनेचं एक कलम आहे आणि मतं मोजण्याची एक पद्धत आहे. त्या वर्षाचा निकाल तिथे लागला, मतपेटीत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून जरा आकड्यांसकट लिहितोय.

मतदान झालं १४ मे २०२३ ला. प्रतिनिधीगृहात ५०० जागा: ४०० मतदारसंघांच्या, १०० पक्षयादीच्या. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका. पक्षाच्या पत्रिकेवर नाव आणि चिन्ह होतं, उमेदवाराच्या पत्रिकेवर मात्र फक्त क्रमांक. तोही दर मतदारसंघात वेगळा. म्हणजे मूव्ह फॉरवर्ड या तरुणांच्या आवडत्या सुधारणावादी पक्षाचा क्रमांक देशभर ३१, पण त्याच पक्षाच्या तुमच्या उमेदवाराचा क्रमांक भलताच. दोन वेगळे आकडे लक्षात ठेवून केंद्रात जायचं. एवढं करूनही मतदान सुमारे ७५ टक्के झालं, आणि लोकांनी नेमकं हवं तिथेच मत टाकलं.

मूव्ह फॉरवर्डला १५१, फ्यू थाईला १४१. गंमत म्हणजे मतदारसंघांत दोघेही ११२ वर बरोबरीत होते. फरक पडला पक्षयादीत, ३९ विरुद्ध २९. बँकॉकच्या ३३ पैकी ३२ जागा मूव्ह फॉरवर्डकडे गेल्या. आधीचे पंतप्रधान प्रयुत चान-ओचा यांच्या युनायटेड थाई नेशनला ३६ आणि त्यांचे जुने सहकारी प्रवित यांच्या पालांग प्रचारथला ४० जागा. मूव्ह फॉरवर्ड आणि फ्यू थाईसह आठ पक्षांनी एकत्र येऊन ३१२ खासदार जमवले. कुठल्याही संसदीय लोकशाहीत इथे विषय संपला असता.

थायलंडमध्ये तो संपला नाही, कारण २०१७ च्या घटनेचं कलम २७२. या संक्रमणकालीन कलमानुसार पहिली पाच वर्षं पंतप्रधान दोन्ही सभागृहं मिळून निवडणार होती. सिनेटमध्ये २५० जण, सगळे लष्करी राजवटीने नेमलेले. त्यातले सहा तर पदसिद्ध: तिन्ही दलांचे प्रमुख, सरसेनापती, पोलीसप्रमुख आणि संरक्षण खात्याचे स्थायी सचिव. खालच्या सभागृहाची मुदत चार वर्षं आणि कलमाची पाच, हा योगायोग मुळीच नव्हता. एकाच नेमलेल्या सिनेटला दोन निवडणुकांनंतरचे पंतप्रधान ठरवता यावेत, अशी ती आखणी होती. २०१६ च्या सार्वमतात हा मुद्दा वेगळा पुरवणी प्रश्न म्हणून विचारला गेला आणि ५८ टक्क्यांनी मंजूर झाला. त्या सार्वमतात विरोधी प्रचार करणाऱ्यांवर खटले भरले गेले होते, हे विसरून त्या ५८ टक्क्यांना जनादेश म्हणणं मला पटत नाही.

आता हिशोब बघा. एकूण ७५०, बहुमत ३७६. सिनेट ज्याच्या बाजूची आहे त्याला फक्त १२६ खासदार पुरतात. ज्याच्या बाजूची नाही त्याला ५०० पैकी ३७६ खासदार हवेत, म्हणजे तीन चतुर्थांश.

१३ जुलैला मूव्ह फॉरवर्डचे नेते पिता लिम्जारोनरत यांच्या नावावर हजेरीपट घेऊन उघड मतदान झालं. एका सिनेटरने राजीनामा दिल्यामुळे एकूण ७४९ आणि लागणार होती ३७५. बाजूने ३२४, विरोधात १८२, तटस्थ १९९. विरोधकांपेक्षा १४२ मतं जास्त मिळूनही माणूस ५१ मतांनी पडला. सिनेटची फोड आणखी बोलकी आहे: बाजूने १३, विरोधात ३४, तटस्थ १५९ आणि गैरहजर ४३.

या १५९ तटस्थ मतांपाशी थांबायला हवं. बऱ्याच सिनेटरांचं म्हणणं होतं की पंतप्रधान निवडणं हे लोकप्रतिनिधींचं काम, म्हणून आम्ही बाजूला राहतो. ऐकायला सभ्य वाटतं. पण बाजूला राहिल्याने सिनेट बाजूला होत नाही. आपल्याकडे विश्वासदर्शक ठरावात हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत मोजतात, त्यामुळे तटस्थ आमदारामुळे बहुमताचा आकडा खाली येतो. थायलंडमध्ये छेद एकूण सदस्यसंख्येचा होता. तिथे तटस्थ, गैरहजर आणि विरोधी मताचं वजन अगदी सारखं. फरक एवढाच की तटस्थाला आपल्या नावापुढे ‘नाही’ लिहून घ्यावं लागत नाही.

आणि ही तटस्थता तत्त्वाची होती असं कुणी म्हणत असेल, तर २०१९ चं मतदान काढून बघावं. तेव्हा याच सिनेटमधल्या २५० पैकी २४९ जणांनी प्रयुत यांना मत दिलं होतं. मत दिलं नाही ते फक्त सभापतींनी. तेव्हा कुणाला लोकप्रतिनिधींचं काम आठवलं नाही.

पिता यांना नाकारण्याचं जाहीर कारण होतं फौजदारी संहितेचं कलम ११२. राजघराण्याच्या अवमानाला प्रत्येक गुन्ह्यामागे ३ ते १५ वर्षं शिक्षा असलेलं हे कलम मूव्ह फॉरवर्डला दुरुस्त करायचं होतं, रद्द नाही. आठ पक्षांच्या लेखी करारात तर ते घातलंही नव्हतं. तरीही चर्चा त्याच्याभोवतीच फिरत ठेवली गेली.

१९ जुलैला दोन वार एकाच दिवशी झाले. घटना न्यायालयाने पिता यांची खासदारकी निलंबित केली. कारण आयटीव्ही या माध्यम कंपनीचे ४२,००० शेअर; माध्यम कंपनीचे शेअर असलेल्याला तिथे निवडणूक लढवता येत नाही. तिचं प्रक्षेपण २००७ मध्येच बंद पडलं होतं आणि शेअर वडिलांच्या इस्टेटीचे व्यवस्थापक म्हणून त्यांच्या नावावर होते. त्याच दिवशी संसदेने ३९५ विरुद्ध ३१२ असं ठरवलं की फेटाळलेला प्रस्ताव त्याच अधिवेशनात पुन्हा आणता येत नाही, या कामकाज नियम ४१ खाली त्यांचं नाव दुसऱ्यांदा मांडता येणार नाही. घटनेने वेगळी पद्धत घालून दिलेल्या पंतप्रधानपदाच्या नामनिर्देशनाला साध्या प्रस्तावाचा नियम लावला गेला. माझ्या मते त्या वर्षातलं सगळ्यात धोकादायक पाऊल हेच. शेअरच्या प्रकरणात जानेवारी २०२४ मध्ये पिता निर्दोष ठरले, पण तोवर सरकार बसून चार महिने उलटले होते.

आता फ्यू थाई. २ ऑगस्टला त्यांनी मूव्ह फॉरवर्डला बाहेर काढलं आणि ज्यांच्याविरुद्ध मतं मागितली त्याच प्रयुत आणि प्रवित यांच्या दोन लष्करधार्जिण्या पक्षांना आत घेतलं. ११ पक्ष, ३१४ खासदार. २२ ऑगस्टला फ्यू थाईचे उमेदवार स्रेठा थाविसिन ४८२ मतांनी निवडून आले, त्यात १५२ सिनेटर. जुलैत बाजूला राहण्याचं तत्त्व सांगणाऱ्या सभागृहातून ही १५२ मतं आली. त्याच सकाळी फ्यू थाईमागचे खरे नेते, माजी पंतप्रधान थाकसिन शिनावात परदेशातून १५ वर्षांनी डॉन मुआंग विमानतळावर उतरले. जुन्या खटल्यांतली आठ वर्षांची शिक्षा, पहिल्याच रात्री तुरुंगातून पोलीस रुग्णालयात रवानगी आणि १ सप्टेंबरला शाही माफीने शिक्षा एका वर्षावर.

दुसरा मार्ग होता. सिनेटचा हा अधिकार मे २०२४ मध्ये संपणार होता, म्हणजे दहा महिने थांबायचं. भीती अशी घातली जायची की तोवर उरलेले १८८ खासदार सिनेटच्या जोरावर अल्पमताचं सरकार आणतील. आणलं असतं तरी पहिल्याच अविश्वास ठरावात ते पडलं असतं, कारण तिथे सिनेटला मत नाही. थांबण्याची किंमत होती हे मान्य: काळजीवाहू प्रयुत, लांबलेलं अंदाजपत्रक. पण ती किंमत मोजायला हवी होती.

वर्षाअखेर काही चांगलंही घडलं. २१ डिसेंबरला विवाह समानतेची (समलिंगी विवाहांना मान्यता देणारी) विधेयकं पहिल्या वाचनात ३६९ विरुद्ध १० अशी पुढे गेली. सत्ताधारी आणि विरोधक एकत्र आल्यावर ते सभागृह काय करू शकतं ते तिथे दिसलं. १० नोव्हेंबरपासून भारतीयांना तीस दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश मिळाला. मुंबई-पुण्याहून फुकेतला जाणाऱ्या अनेकांना त्या वर्षातली तेवढी एकच बातमी माहीत असते.

कलम २७२ आता संपलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये थाकसिन यांची मुलगी पेटोंगटार्न शिनावात फक्त खालच्या सभागृहाच्या ३१९ मतांनी पंतप्रधान झाल्या. पण त्याच महिन्यात, ७ तारखेला, घटना न्यायालयाने कलम ११२ च्या दुरुस्तीचा प्रचार केला म्हणून मूव्ह फॉरवर्ड विसर्जित केला आणि त्याच्या ११ पदाधिकाऱ्यांना दहा वर्षं राजकारणाबाहेर काढलं. नवं सिनेट २०० जणांचं. ते नेमलेलं नाही, पण सामान्य मतदारानेही निवडलेलं नाही: २,५०० बात भरून उमेदवार झालेल्यांनी २० व्यवसायगटांतून एकमेकांनाच निवडलं. पंतप्रधान निवडण्याचा हक्क त्यांना नाही. घटना न्यायालयाचे न्यायाधीश आणि निवडणूक आयुक्त यांना मान्यता देण्याचा आहे. आणि घटना बदलायची तर त्यांच्यातल्या किमान एक तृतीयांश, म्हणजे ६७ जणांचा होकार लागतो. तिथेही तटस्थ मत होकारात मोजलं जात नाही.