‘४२ मिमी म्हणजे मनगटावर ताटली’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही आक्षेप मुद्देसूद मांडलेत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. ट्यूडर या स्विस घड्याळ कंपनीची ३९ मिमीची स्टीलची ब्लॅक बे फिफ्टी-एट घ्यावी की ४२ मिमीची टायटॅनियमची पेलागोस, या लेखात मी डायव्हिंगचा रबरी सूट घालून पाण्यात उतरणाऱ्यांसाठी पेलागोसला कौल दिला होता. तुमचं म्हणणं असं: साडेसहा इंचाच्या मनगटावर ४२ म्हणजे ताटली, टायटॅनियम हलकं, खेळण्यासारखं वाटतं आणि लगेच ओरखडतं, आणि मालवणच्या समुद्रात जेमतेम दहा मीटर जाणाऱ्याला ५०० मीटरपर्यंत पाणी न शिरणारं घड्याळ कशाला?

शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. हौशी डायव्हिंगची मर्यादाच ४० मीटर आहे, त्यामुळे फिफ्टी-एटचे २०० मीटरही भरपूर झाले. पेलागोसमधला हीलियम बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह तर दिवसचे दिवस दाबाखालच्या चेंबरमध्ये राहून काम करणाऱ्या डायव्हरसाठी असतो. चेंबरमधल्या हवेतला हीलियम घड्याळात शिरतो आणि दाब उतरवताना बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर काच उडू शकते. तुमच्या-माझ्या डायव्हमध्ये ही वेळ येत नाही.

माझा कौल खोलीसाठी नव्हताच, क्लॅस्पसाठी, म्हणजे धातूचा पट्टा बंद करणाऱ्या कडीसाठी, होता. निओप्रीनच्या सूटमध्ये वायूचे बारीक बुडबुडे असतात. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे निम्म्यावर येतात, सूट पातळ होतो आणि पाण्याबाहेर असताना बाहीवर घट्ट बसलेलं घड्याळ मनगटाभोवती फिरायला लागतं. पेलागोसच्या क्लॅस्पमधली स्प्रिंग हा फरक आपोआप भरून काढते आणि वर येताना पुन्हा सैल होते. २०१८ च्या मूळ फिफ्टी-एटला ही सोय नाही. तिथे क्लॅस्पच्या भोकांमधली पिन टूलने सरकवावी लागते. मुंबईच्या दमट हवेत दुपारपर्यंत मनगट फुगतं, तेव्हाही हा फरक जाणवतो. पण मालवणला तुम्ही नुसत्या टी-शर्टवर किंवा पातळ सूटमध्ये उतरत असाल, तर पाण्यात या स्प्रिंगचा फारसा उपयोग नाही.

आता मापाचं. मनगटाचा घेर आणि केसचा, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाचा, व्यास, दोन्ही आकडे फसवे आहेत. बघायचं ते एका लगच्या (पट्टा जिथे जोडतो त्या शिंगाच्या) टोकापासून समोरच्या लगच्या टोकापर्यंतचं अंतर. पेलागोसचं सुमारे ५० मिमी, फिफ्टी-एटचं सुमारे ४८. म्हणजे व्यासात तीनचा फरक, पण मनगटावर दोनचाच. ५० मिमीची कागदाची पट्टी कापा आणि जिथे घड्याळ बांधता तिथे आडवी ठेवा. टोकं मनगटाच्या सपाट भागाबाहेर डोकावली, तर ४२ चा नाद सोडा. साडेसहा इंचाचं एखादं मनगट चपटं असतं, एखादं गोल. चपट्यावर पेलागोस छान बसते, गोलावर लग हवेत राहतात. खरी अडचण जाडीची आहे: पेलागोस १४ मिमीच्या पुढे, फिफ्टी-एट १२ च्या आत. शर्टाची बाही कुठे अडणार, हे इथे ठरतं.

टायटॅनियमची घनता साधारण ४.५ ग्रॅम प्रति घन सेंमी, स्टीलची ८. हलकेपणा येतो तो यातून, हलक्या दर्जातून नव्हे. ओरखड्यांबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर, कारण वेगळं. पेलागोसचं ग्रेड २ टायटॅनियम आणि नेहमीचं ३१६एल स्टील यांच्या कठीणपणात फार अंतर नाही. टायटॅनियमवर ओरखडा राखाडी, मंद दिसतो. पण पेलागोसची केस पूर्ण मॅट असल्याने बारीक रेघा तिच्यात मिसळून जातात. फिफ्टी-एटच्या बाजू आरशासारख्या पॉलिश केलेल्या, तिथे पहिली रेघ लगेच डोळ्यात भरते. बेझल, म्हणजे डायलभोवतीचं फिरतं कडं, पाहाल तर फिफ्टी-एटचं ॲल्युमिनियमचं, ते घासलं जातं. पेलागोसचं सिरॅमिकचं, ते घासलं जात नाही, पण जोरात आपटलं तर तडकू शकतं. एक मात्र कराच: टायटॅनियम कोपऱ्यावरच्या दुकानात बफ करायला, म्हणजे चाकावर घासून चकाकवायला, देऊ नका. ते बफच्या चाकावर ओढलं जातं आणि मॅट रेघांची दिशा कायमची बिघडते. ब्रेसलेटचे स्क्रू काढताना-लावतानाही घाई नको. टायटॅनियमचे आटे एकमेकांना धरतात, म्हणून स्क्रू अडला की जोर न लावता उलटा फिरवून पुन्हा बसवा.

तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय की स्टीलच्या घड्याळाने मनगटावर पुरळ येतं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. ३१६एल मध्ये १० ते १४ टक्के निकेल असतं, आणि पुरळ त्याच्या ॲलर्जीने येऊ शकतं. पण ४२ ची पेलागोस घेऊन हा प्रश्न सुटेलच असं नाही, कारण तिच्या केसच्या तपशिलात टायटॅनियमबरोबर स्टीलही आहे. मागचं झाकण स्टीलचं, आणि कातडीला टेकतं तेच. आधी आठवडाभर रोज झाकणामागचा घाम आणि साबण गोड्या पाण्याने धुऊन पाहा; बऱ्याचदा पुरळ त्यामुळेच असतं. तरी गेलं नाही तर त्वचारोगतज्ज्ञांकडून निकेलची पॅच टेस्ट करून घ्या.

टेस्ट पॉझिटिव्ह आली, किंवा ५० ची पट्टी मनगटाबाहेर गेली, तर २०२२ मध्ये आलेली पेलागोस ३९ बघा. टायटॅनियमची केस, लगपासून लगपर्यंत ४७ मिमी, जाडी १२ च्या आत, हीलियम व्हॉल्व्ह नाही, तारीखही नाही. क्लॅस्प स्प्रिंगचा नसला तरी ८ मिमीपर्यंत पाच टप्प्यांत, टूलशिवाय हाताने सरकतो. मालवणच्या पाण्याला तेवढं पुरे.